पाहिली जाणारी आणि पाहणारी : युरोपीय चित्रपटांतील शहर, तरुणी आणि मराठी संदर्भ

एकटी तरुणी मोठ्या शहरात वावरते आणि त्या वावरातून तिला स्वतःचा शोध लागतो, हे आशयसूत्र युरोपीय चित्रपटांत, विशेषतः १९६० नंतरच्या दशकात, इतक्या वेळा आले आहे की त्याचा एक स्वतंत्र प्रकार मानावयास हरकत नाही. पदव्युत्तर वर्गात साहित्य आणि चित्रपट यांच्या संबंधाची चर्चा करताना या चित्रपटांचा उल्लेख हमखास होतो. त्याला जोडून एक ठरावीक विधानही केले जाते. ते असे की, मराठीत या प्रकारची निर्मिती नाही, कारण मराठी नायिका घर सोडत नाही. आणि सोडलेच तर ती स्वतःला शोधण्याऐवजी समाजकार्य शोधते. विधान आकर्षक आहे व परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत खपूनही जाते. प्रस्तुत लेखात ते तपासून पाहावयाचे आहे. त्यासाठी आधी युरोपीय चित्रपटांत हा 'शोध' नेमका कशाचा असतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

आन्येस वार्दा यांचा 'क्लेओ : पाच ते सात' हा १९६२ सालचा फ्रेंच चित्रपट या दृष्टीने सर्वांत उपयुक्त ठरतो. क्लेओ ही पॅरिसमधील उदयोन्मुख गायिका. आपल्याला कर्करोग झाला असावा या भयाने ती ग्रासलेली आहे आणि वैद्यकीय तपासणीचा निकाल संध्याकाळी मिळावयाचा आहे. निकालाची वाट पाहण्याचा हा काळ, दीड तासाच्या चित्रपटात, जवळपास घड्याळाच्या गतीने आपल्यासमोर सरकतो. पूर्वार्धात क्लेओ जिथे जाते तिथे आरसा आहे. टोप्यांच्या दुकानात ती स्वतःचे प्रतिबिंब पाहून सुखावते. जोपर्यंत आपण सुंदर दिसतो आहोत तोपर्यंत आपण जिवंत आहोत, अशी तिची धारणा आहे. तिच्यासोबतची वयस्क मदतनीस बाई मंगळवारी नवी वस्तू अंगावर घालू देत नाही. (हा तपशील आमच्याकडील विद्यार्थ्यांना फार जवळचा वाटतो. पॅरिसलाही मंगळवार असतो, हे त्यांना ठाऊक नसते.)

चित्रपटाच्या मध्याला एक वळण आहे. नव्या गाण्याची तालीम चालू असताना त्या गाण्यातील विरह क्लेओच्या जिव्हारी लागतो. ती चिडते, डोक्यावरचा केसांचा टोप काढून फेकते, काळा साधा पोशाख करते आणि एकटीच रस्त्यावर येते. येथून पुढे कॅमेऱ्याचे वर्तन बदलते. आतापर्यंत तो क्लेओकडे पाहत होता. आता तो क्लेओच्या डोळ्यांनी पाहू लागतो. रस्त्यावर बेडूक गिळून दाखविणारा माणूस, कॅफेतील अनोळखी चेहरे, त्यांचे तुटक संवाद हे सारे तिच्या नजरेतून येते. एका कॅफेत ती यंत्रावर स्वतःचेच गाणे लावते. कोणी मान वर करूनही पाहत नाही. पूर्वार्धातली क्लेओ यामुळे खचली असती. उत्तरार्धातली क्लेओ ते नुसते पाहते. पुढे बागेत तिला आल्जीरियाच्या युद्धावर परत जावयास निघालेला एक सैनिक भेटतो. त्याच्याशी बोलता बोलता ती आपले खरे नाव सांगते : फ्लोरेन्स. शेवटी आजाराचे निदान कळते तेव्हा तिचे भय ओसरलेले असते. रोग नाहीसा झालेला नाही. फक्त एक पाहिली जाणारी स्त्री पाहणारी झाली आहे.

हे स्थित्यंतर हाच या चित्रपटप्रकाराचा गाभा आहे, असे मला वाटते. मात्र सर्व दिग्दर्शकांना ते साधले आहे असे नाही. त्याच वर्षी आलेल्या ज्याँ-ल्युक गोदार यांच्या 'व्हिव्र सा व्ही' मधील नाना घर व मूल सोडून पॅरिसमध्ये एकटी राहते, चित्रपटात काम मिळविण्याची इच्छा धरते आणि अखेर देहविक्रयाकडे वळते. बारा प्रकरणांत मांडलेल्या या चित्रपटाची कीर्ती मोठी आहे. नाना चित्रपटगृहात कार्ल ड्रायर यांचा जोन ऑफ आर्कवरील मूकपट पाहताना रडते, तो प्रसंग अनेक ग्रंथांत गौरविला गेला आहे. परंतु त्या प्रसंगातही आपण पाहतो ते नानाच्या चेहऱ्यावरील अश्रू. तिची नजर आपली होत नाही. नानाचे ग्राहक तिला पाहतात आणि कॅमेराही तिला पाहतो. या दोन पाहण्यांतले अंतर गोदार यांना ठाऊक आहे, पण ते त्यांनी ओलांडलेले नाही. शेवटी तिला गोळी लागते आणि चित्रपट थांबतो.

इटलीतील आन्तोनिओ पिएत्रांजेली यांचा १९६५ सालचा चित्रपट तुलनेने कमी चर्चिला गेला, पण तो आपल्या विवेचनाला अधिक जवळचा आहे. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'मी तिला चांगलेच ओळखत होतो' असा होतो. आद्रियाना ही पिस्तोयाजवळच्या शेतकरी कुटुंबातील मुलगी रोमला येते. केशभूषेच्या दुकानात, चित्रपटगृहात, जाहिरातीत, जमेल तिथे काम करते. तबकड्या लावून नाचते. तिची एक मुलाखत चित्रित होते आणि नंतर ती अशी कापून दाखविली जाते की चित्रपटगृहात लोक तिला हसतात. अखेर एका पहाटे ती स्वतःच्या घराच्या सज्जातून उडी घेते. शीर्षकातला 'मी' कोण, हे चित्रपट सांगत नाही. तिच्या आयुष्यात आलेला कोणताही पुरुष हे वाक्य म्हणू शकला असता आणि प्रत्येकाच्या तोंडी ते खोटे ठरले असते. मिलोश फोरमान यांच्या, त्याच वर्षीच्या, सोनेरी केसांच्या मुलीच्या प्रेमाची कथा सांगणाऱ्या चेक चित्रपटात आन्दुला ही झ्रुच येथील बुटांच्या कारखान्यातील कामगार मुलगी, एका रात्रीच्या ओळखीवर विसंबून, हातात पेटी घेऊन प्रागला त्या तरुणाच्या घरी जाते. त्याचे आईवडील तिला ठेवावे की घालवावे यावर रात्रभर भांडतात. ती दाराआड गुडघे टेकून ऐकत रडते. वसतिगृहात परतल्यावर मात्र मैत्रिणीला सांगते की, प्रागला छान झाले, त्याचे आईवडील फार चांगले आहेत.

म्हणजे युरोपीय चित्रपटातही शहर प्रत्येकीला स्वतःचे दर्शन घडवितेच असे नाही. क्लेओला ते घडले, आद्रियानाला गिळले, आन्दुलाला एका रात्रीत परत पाठविले. तिघींच्या कथेत समान आहे ती शहराची एक पूर्वअट : तेथे कोणी कोणाला ओळखत नाही. मुक्ती मिळाली तर ती या अनोळखीपणातून मिळते, आणि नाशही त्यातूनच होतो.

मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी, संत्र्याच्या बागांच्या मुलखात शिकविणाऱ्या अध्यापकाला या पूर्वअटीची जाणीव वर्गातच होते. 'क्लेओ' पाहून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले होते, "सर, इले घरून कोनाचा फोनच कसा येत नाई?" वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मोर्शीहून अमरावती पन्नासेक किलोमीटर. एस. टी.त स्त्रियांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट झाले, त्यामुळे जाणे-येणे सोपे झाले हे खरे. परंतु अमरावतीच्या बसस्थानकावर उतरणारी मुलगी कोणत्या घरची, कोणाची भाची, हे सांगणारे कोणीतरी तिथे उभे असतेच. दुसरी एक विद्यार्थिनी क्लेओविषयी म्हणाली, "कोन पायते हे न पायता चालते ते." वार्दा यांच्या चित्रपटावर याहून नेमके भाष्य मला क्वचितच वाचावयास मिळाले आहे.

या दोन उद्गारांत आपल्या विषयाची मराठी परिभाषा दडलेली आहे. 'पाहणे' हे क्रियापद आपल्याकडे तरुण मुलीच्या संदर्भात विशिष्ट अर्थाने रुळले आहे. मुलगी पाहायला येतात, मुलगी दाखवितात, मुलगी पसंत पडते. शेवटच्या वाक्यात व्याकरणाने कर्ता मुलगीच आहे. पसंती मात्र दुसऱ्याची आहे. दुसरा शब्द 'ओळख'. परिचय या अर्थानेही आपण तो वापरतो आणि स्वत्व या अर्थानेही. युरोपीय नायिकेची ओळख, म्हणजे स्वत्व, जागे होते ते ओळखीच्या, म्हणजे परिचितांच्या, अभावात. मराठीत हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदत असल्याने पहिल्याची किंमत दुसऱ्याने चुकवावी लागते, ही कल्पनाच सहजासहजी रुचत नाही. तिसरा प्रयोग आहे 'स्वतःच्या पायावर उभे राहणे'. 'स्वतःला शोधणे' हे आपण अलीकडे म्हणू लागलो. आपल्या आज्या-पणज्यांनी मुलींना सांगितले ते पायावर उभे राहायला. शोधात चालणे आहे, येथे उभे राहणे आहे. 'मराठी नायिका स्वतःला शोधत नाही' हा आक्षेप घेताना आपण एका भाषेचा प्रश्न दुसऱ्या भाषेतील पात्राला विचारीत असतो.

इतिहासही याला पुष्टी देतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन काढले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे आनंदीबाई कर्वे. त्यांचे 'माझे पुराण' १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांच्या 'माझी कहाणी' (१९२८) मधील अमेरिकेचा भाग तर या दृष्टीने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. इंग्रजी शिकावयाचे म्हणून १९१८ मध्ये समुद्र ओलांडलेली ही मध्यमवयीन विधवा परमुलखात लोकांच्या घरी कामे करून राहिली. एकटी स्त्री आणि परके शहर हा अनुभव मराठी गद्यात या चित्रपटांच्या कितीतरी आधी येऊन गेला आहे. फरक एवढाच की, मराठी स्त्रीचे पहिले 'शहर' रस्ता किंवा कॅफे हे नव्हते. ते एखादी संस्था, वसतिगृह, शाळा असे होते. तिथे नाव नोंदवावे लागे आणि तिला जबाबदार असा कोणी पुरुष बहुधा पाठीशी असे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' मधून शिकलेल्या, मिळवत्या अविवाहित मुलींचे अंतरंग उघडे करणाऱ्या लेखिकेला विभावरी शिरूरकर हे टोपणनाव घ्यावे लागले, ही गोष्टही 'ओळख' या शब्दाच्या दोन अर्थांवर प्रकाश टाकते. ओळख लपविली तेव्हाच ओळख सांगता आली. वऱ्हाडातच, वाशीमला, जन्मलेल्या गीता साने यांनी मात्र 'निखळलेली हिरकणी' (१९३६) सारखी कादंबरी स्वतःच्या नावाने लिहिली. आमच्या प्रदेशातील अभ्यासकांनी त्यांच्याकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही, ही तक्रार येथे नोंदवून ठेवतो.

आता चित्रपटांकडे वळू. श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) हिंदी असला तरी त्याचे मूळ हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या मराठी आत्मकथनात आहे. उषा ही गाणे शिकलेली मुलगी लहानपणीच मुंबईच्या चित्रपटसृष्टीत येते आणि नटी होते. पायावर उभे राहण्याचा निकष लावला तर ती बालपणापासूनच उभी आहे. किंबहुना सारे घर तिच्या पायांवर उभे आहे. तिची मिळकत नवऱ्याच्या हाती जाते. म्हणजे आपल्या परिभाषेतील तो आश्वासक प्रयोगच येथे उलटतो. सुलभ समीकरणाला दिलेला हा धक्का 'भूमिके'चे खरे सामर्थ्य आहे, आणि युरोपीय चित्रपटांशी तुलना करण्याच्या घाईत तो नजरेआड होतो. पुढे एका जमीनदाराच्या वाड्यात तिला प्रतिष्ठेची गृहिणी म्हणून स्थान मिळते, पण बाहेर पडण्याची मुभा नाही. उषा मुंबईला परत येते ती स्वतःला सापडलेली म्हणून नव्हे. शहरात निदान दाराला आतून कडी लावता येते म्हणून. चित्रपट हॉटेलच्या खोलीत तिच्या एकटेपणापाशी थांबतो. तेथेही दूरध्वनीची घंटा वाजतेच.

मूळ पुस्तक आणि चित्रपट यांतील एक भेद माध्यमांतराच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावा. पुस्तकाचे नावच ऐकणाऱ्याला गृहीत धरते. अरुण साधूंनी शब्दांकित केलेले ते बोलणे आहे; सांगणारी स्त्री कोणाला तरी समोर बसवून सांगते आहे. क्लेओ रस्त्यावर मुकाट चालते आणि तिचे स्वत्व पाहण्यातून घडते. हंसाबाईंचे सांगण्यातून घडते. बेनेगल यांनी या सांगण्याचे पुन्हा पाहण्यात रूपांतर केले. त्यात स्मिता पाटील यांच्या अभिनयाने पुष्कळ राखले गेले, पण तो बिनधास्त, स्वतःवरही ताशेरे ओढणारा आवाज मात्र हरवला.

'उंबरठा' (१९८२) ची दिशा याच्या उलट आहे. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर आधारलेला, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन लाभलेला हा चित्रपट. सुलभा महाजन सुखवस्तू सासर आणि लहान मुलगी मागे ठेवून दूरच्या एका महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. शीर्षकातील बदल बोलका आहे. 'बेघर' ही अवस्था झाली. 'उंबरठा' ही रेषा आहे, ती ओलांडावी लागते. इब्सेनची नोरा दार लावून जाते तिथे नाटक संपते. सुलभाचा चित्रपट त्यानंतर सुरू होतो, म्हणून तो मला अधिक धीट वाटतो. तरीही ती शहरात हरवू शकत नाही. सुधारगृहातही रजिस्टर आहे, समिती आहे, चारित्र्यावर नजर आहे. शारदा सदनापासूनची संस्थेची परंपरा येथे तिच्या काळ्या बाजूसह येते. सुलभा राजीनामा देऊन परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते; ती पुन्हा निघते आणि आगगाडीत बसते. गाडी कोणत्या गावी चालली आहे, हे प्रेक्षकाला सांगितलेले नाही.

मराठी चित्रपटात 'अनोळखी शहर' या कल्पनेची सर्वांत निर्घृण परीक्षा नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) ने घेतली. आर्ची गावात बुलेट चालविते, ट्रॅक्टर चालविते, तिच्या शब्दाला वजन आहे. पण हे वजन पाटलाच्या घरचे आहे. हैदराबादला पोचताच ते नाहीसे होते. भाषा कळत नाही, झोपडीत झोप येत नाही, पाण्यापासून सारे नवे. चित्रपटाच्या या भागावर रेंगाळल्याची टीका झाली; माझ्या मते तोच त्याचा कणा आहे. येथे आर्ची कारखान्यात बाटल्या भरते, तेलुगू शिकते, संशयी जोडीदाराचा हात अंगावर उठल्यावर सरळ निघून गाडीत बसते आणि स्वतःच्या निर्णयाने परत येते. हळूहळू स्कूटर येते, घर येते, मूल येते. उधारीचा रुबाब गळून पडलेली, स्वतःच्या कमाईची आर्ची हैदराबादने घडविली. आणि मग ती आईला फोन करते. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न येथे वेगळ्याच स्वरात ऐकू येतो. घरचा फोन क्लेओला येत नाही, हे तिचे भाग्य की दुर्भाग्य, हे ठरविण्यापूर्वी 'सैराट'चा शेवट आठवावा लागतो. फोननंतर माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात. जातीने आखलेल्या गावाला हैदराबाद तसे फार लांब नव्हते.

अलीकडे युरोपीय सहभागातून तयार झालेल्या दोन चित्रपटांत मराठी स्त्री पुन्हा मुंबईत दिसते. रोहेना गेरा यांच्या 'सर' (२०१८) मधील रत्ना ही ऐन तारुण्यात विधवा झालेली, महाराष्ट्रातील खेड्यातून येऊन श्रीमंत घरी राहून काम करणारी मुलगी. शिवण शिकून कपड्यांची रचनाकार होण्याची तिची जिद्द आहे. गावात विधवेने घालू नयेत त्या बांगड्या ती मुंबईच्या वाटेवर हातात चढविते. अनोळखीपणाचा इतका साधा उपयोग क्लेओच्या पॅरिसमध्येही कोणी केलेला नाही. मालक आणि मोलकरीण यांच्यातील ओढीची ही कथा गुळगुळीत होण्याचा धोका होता आणि काही ठिकाणी ती तशी झालीही आहे. पण शेवट उत्तम आहे. सबंध चित्रपटभर 'सर' म्हणणारी रत्ना शेवटी फोनवर त्याचे नाव उच्चारते. पुरुषाचे नाव उखाण्याच्या आडूनच घेण्याचा रिवाज जिथे आहे, त्या भाषेतील प्रेक्षकाला या एका शब्दाचे ओझे भाषांतराशिवाय कळते.

दुसरा चित्रपट पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. याला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळाले. त्यातील प्रमुख दोघी मल्याळी परिचारिका आहेत; छाया कदम यांनी उभी केलेली पार्वती मराठी, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करणारी. ती तरुण नाही, म्हणून या प्रकारात तिची गणना होणार नाही. तरी आपल्या चर्चेत ती यावयास हवी, कारण शहरात आलेल्या तरुणीचे वय वाढल्यावर पुढे काय होते, हे ती दाखविते. नवरा गेला आहे, चाळीच्या जागी टोलेजंग इमारत येणार आहे आणि ती खोली आपली आहे हे सिद्ध करणारा एकही कागद पार्वतीपाशी नाही. इतकी वर्षे राहूनही शहराने तिला ओळखलेले नाही. आद्रियानाला जो अनोळखीपणा पुरुषांच्या नजरेतून भोगावा लागला, तो पार्वतीला नोंदवहीतून भोगावा लागतो. एके रात्री ती आणि प्रभा बिल्डरच्या जाहिरातफलकावर दगड भिरकावतात आणि खिदळत पळतात. मग पार्वती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाते. सामान पोचवावयास दोघी परिचारिका सोबत जातात. शहरात ज्यांना आपापल्या खोलीतही मोकळे बोलता आले नव्हते, त्या तेथे समुद्रकाठी रात्री एका खोपटात, रंगीत दिव्यांच्या माळांखाली बसतात. त्यांच्याकडे रोखून पाहणारे तिथे कोणीच नसते.